पाच सेकंदांची भट्टी, वीस वर्षांचा सांधा

रूट कॅनाल झाल्यावर दाताला कॅप बसवायची, तर आजवर दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या असत. माप घ्यायचे, ते लॅबकडे जायचे, आठवड्याने कॅप तयार होऊन यायची आणि तोवर तात्पुरत्या कॅपवर दिवस काढायचे. आता शहरांतील अनेक दंतचिकित्सालयांच्या पाट्यांवर ‘एकाच दिवसात कॅप’ असे लिहिलेले दिसते. तोंडात छोटा कॅमेरा फिरवून दाताचा आकार संगणकावर घेतला जातो, यंत्र पांढऱ्या ठोकळ्यातून कॅप कोरून काढते आणि त्याच दिवशी ती दातावर बसते. या साखळीत कॅमेरा आणि कोरणारे यंत्र डोळ्यांत भरते. वेळ मात्र मोठ्या प्रमाणात वाचतो तो कोपऱ्यात ठेवलेल्या छोट्या भट्टीत. झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची कॅप भाजायला पूर्वी सहा ते आठ तास लागत, बऱ्याचदा ती रात्रभर भट्टीत ठेवली जाई. नव्या वेगवान भट्ट्या एका दाताची कॅप अर्ध्या तासाच्या आत भाजून देतात.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांमध्ये हा वेग आणखी पुढे गेला आहे. सिरॅमिकच्या तुकड्याला दोन तारा जोडून त्यावर विजेचा दाब दिला, तर तासन्‌तास चालणारे भाजणे काही सेकंदांत उरकते, हे गेल्या दीड दशकात जगभरच्या संशोधकांनी दाखवले आहे. या पद्धतीला ‘फ्लॅश सिंटरिंग’ म्हणतात. इंधन वाचेल, वेळ वाचेल, आजवर न बनलेले पदार्थ बनतील, अशा अपेक्षा तिच्याभोवती आहेत आणि त्यांत तथ्यही आहे.

पण हीच पद्धत उद्या शरीरात बसवायच्या वस्तूंसाठी वापरायची ठरली, तर एक प्रश्न आधी विचारावा लागतो. भाजण्याचा वेळ तासांवरून मिनिटांवर आणि मिनिटांवरून सेकंदांवर आला, तर आतून वस्तू तीच राहते का? फुलदाणीच्या बाबतीत या प्रश्नाला फारसे महत्त्व नाही. खुब्यात बसवलेला आणि वीस वर्षे शरीराचा भार पेलणारा सिरॅमिकचा गोळा मात्र याच प्रश्नावर टिकतो किंवा फुटतो. आणि या प्रश्नाचे एक उत्तर २००१ साली शेकडो रुग्णांना स्वतःच्या शरीरावर सोसावे लागले आहे.

भाजताना नेमके काय घडते?

कुंभाराने उन्हात वाळवलेले मडके हाताला कडक लागते, पण त्यात पाणी भरले तर थोड्या वेळात त्याचा चिखल होतो. आव्यातून भाजून निघालेले मडके पाणी धरून ठेवते. आव्यातल्या उष्णतेने मातीचे कण एकमेकांना कायमचे जोडले जातात. चिनी मातीच्या कपबशीत उष्णतेने काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि कणांमधल्या फटी भरून काढतो.

झिर्कोनिया किंवा अ‍ॅल्युमिना यांसारख्या शुद्ध सिरॅमिकमध्ये यापेक्षा वेगळे घडते. त्यांची बारीक पूड दाबून हवा तो आकार दिला जातो. या कच्च्या वस्तूत साधारण निम्मी जागा रिकामी असते. झिर्कोनिया वितळतो २७०० अंश सेल्सिअसच्या आसपास. दातांच्या कॅप भाजतात १४५० ते १५५० अंशांना. म्हणजे पूड वितळत नाही. उष्णतेमुळे कणांतील अणू जागा बदलू लागतात. दोन कण जिथे टेकलेले असतात तिथे अणू येऊन साचतात, त्या जागी मान तयार होते, ती जाड होत जाते आणि मधल्या पोकळ्या हळूहळू नाहीशा होतात. वस्तू आकुंचते आणि घट्ट होते. याला सिंटरिंग म्हणतात. झिर्कोनियाची कॅप या प्रक्रियेत प्रत्येक बाजूने सुमारे एक पंचमांशाने लहान होते, म्हणून कोरणारे यंत्र ती मुद्दाम मोठी कोरते.

भट्टीत एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात. एकीकडे पोकळ्या बुजत असतात, दुसरीकडे छोटे कण मोठ्या कणांत सामावून जात असतात. पोकळ्या बुजायला हव्यात, पण कण फार मोठे व्हायला नकोत. कारण कण बारीक राहिले तर सिरॅमिक मजबूत राहते. जास्त वेळ भाजले तर कण फुगतात, कमी भाजले तर पोकळ्या उरतात. शिवाय वस्तू घाईने तापवली तर बाहेरचा भाग आधी तापून आकुंचतो, आतला मागे राहतो आणि तडे जातात. म्हणूनच उद्योगांत हळू तापवणे, ठरलेल्या तापमानाला रोखून धरणे आणि हळू थंड करणे ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. तासांचा हिशेब या शिस्तीतून आला आहे.

बोल्डरमधला लखलखाट

२०१० साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील प्रयोगशाळेतून मार्को कोलोन्या, बोरियाना राश्कोव्हा आणि ऋषी राज यांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी झिर्कोनियाच्या कच्च्या तुकड्याला दोन्ही टोकांना प्लॅटिनमच्या तारा जोडल्या, तो भट्टीत टांगला, तारांमधून विजेचा दाब दिला आणि भट्टीचे तापमान संथपणे वाढवत नेले. विजेचा दाब कमी असताना तुकडा नेहमीपेक्षा थोडा लवकर आकुंचला, इतकेच. दाब एका मर्यादेपलीकडे नेल्यावर मात्र चित्र पालटले. दर सेंटिमीटरला १२० व्होल्ट दिले असता भट्टी ८५० अंशांवर पोहोचताच तुकड्यातून अचानक प्रवाह वाहू लागला, तुकडा लखलखला आणि पाच सेकंदांच्या आत पूर्ण घट्ट झाला. एरवी त्याच पुडीला १४५० अंशांवर काही तास लागतात.

या घटनेमागचा मुख्य धागा नवा नाही. झिर्कोनिया थंड असताना वीज जवळपास वाहून नेत नाही. तो तापला की त्यातले ऑक्सिजनचे आयन हलू लागतात आणि वीज वाहू लागते. १८९७ साली जर्मनीत गॉटिंगेन येथे वाल्टर नर्न्स्ट यांनी याच गुणावर एक दिवा बनवला होता. त्यात झिर्कोनिया आणि यिट्रिया यांच्या मिश्रणाची बारीक कांडी असे. ती आधी बाहेरून तापवावी लागे. तापली की तीच वीज ओढून पांढरीशुभ्र पेटे. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात हे दिवे लखलखले होते. पुढे टंगस्टनच्या तारेचे स्वस्त बल्ब आले आणि नर्न्स्टचा दिवा मागे पडला.

नर्न्स्ट यांना तेव्हाच एक अडचण आली होती. कांडी तापली की जास्त वीज वाहते, जास्त वीज वाहिली की ती आणखी तापते, आणखी तापली की आणखी वीज. हे चक्र चुलीवरच्या दुधासारखे आहे. बराच वेळ काही हालचाल दिसत नाही, आणि मग क्षणात सगळे उतू जाते. प्रवाह रोखला नाही तर कांडीच जळून जाई, म्हणून दिव्याला प्रवाह आवरणारी वेगळी तार जोडावी लागे. फ्लॅश सिंटरिंगमध्येही हेच करावे लागते. लखलखाट सुरू होताच वीजपुरवठा यंत्र दाब सोडून प्रवाहावर मर्यादा घालते. आच नेमकी तेव्हा कमी केली तर तुकडा घट्ट होतो, नाही केली तर वितळतो किंवा फुटतो.

तुकडा सेकंदांत घट्ट होतो तो केवळ उष्णतेमुळे की विजेच्या क्षेत्राचा काही वेगळा परिणाम आहे, यावर संशोधकांत बरीच वर्षे वाद चालू आहे. राज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, केवळ तापमानाने इतका वेग समजावून सांगता येत नाही. विजेच्या क्षेत्रामुळे स्फटिकातील अणू जागा सोडतात आणि त्यामुळे हालचाल कैक पटींनी वाढते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील रिचर्ड टॉड यांच्या गटाने दुसरी बाजू मांडली. वर सांगितलेले उष्णतेचे चक्र लखलखाटाची सुरुवात समजावून सांगायला पुरेसे आहे, हे त्यांनी गणिताने दाखवले. विजेशिवायही तितक्याच झपाट्याने तापवले तर झिर्कोनिया तितक्याच लवकर घट्ट होतो, हे त्यांच्या प्रयोगांत दिसले. झपाट्याने तापवल्याने कणांना मधल्या तापमानात फुगायला वेळच मिळत नाही, आणि बारीक कणांची पूड लवकर घट्ट होते.

या दुसऱ्या विचाराला २०२० साली जोराचे पाठबळ मिळाले. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात लियांगबिंग हू यांच्या गटाने सिरॅमिकचा तुकडा कार्बनच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवला आणि वीज तुकड्यातून न नेता त्या पट्ट्यांतून नेली. पट्ट्या ३००० अंशांपर्यंत तापू शकतात. सुमारे दहा सेकंदांत सिरॅमिक तयार झाले. यातून लिथियमच्या घन बॅटऱ्यांसाठी लागणाऱ्या पदार्थांची मोठी सोय होते. हे पदार्थ तासन्‌तास भाजले तर त्यांतले लिथियम उडून जाते. सेकंदांत भाजले तर ते बरेचसे टिकते.

प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंत

विजेने भाजण्याची एक पद्धत उद्योगांत आधीच रुळली आहे. पूड ग्रॅफाइटच्या साच्यात भरायची, वरून दाबायची आणि साच्यातून प्रचंड प्रवाह सोडायचा. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग या नावाने ती ओळखली जाते आणि हैदराबादच्या चूर्ण धातुशास्त्र व नवसामग्री संशोधन केंद्रासह भारतातील काही संस्थांत तिच्यावर काम चालते. तिच्यातून चकती किंवा ठोकळा उत्तम निघतो. दाताच्या कॅपसारखा वेडावाकडा आकार काढणे कठीण जाते.

फ्लॅश सिंटरिंगची अडचण त्याच जातीची आहे. वीज सगळीकडे सारखी वाहत नाही. जिथे तुकडा किंचित जास्त तापला, तिथे जास्त वीज जाते आणि तो भाग आणखी तापतो. शेजारचा भाग कच्चा राहतो. बारीक, सरळ पट्टीत हे आवरता येते. कुठे जाड, कुठे पातळ असलेल्या वस्तूत ते फार अवघड होते. धन टोकाजवळचे आणि ऋण टोकाजवळचे कण वेगवेगळ्या आकाराचे झाल्याचेही प्रयोगांत दिसले आहे. शिवाय भट्टीत बाहेरून उष्णता येते तेव्हा वस्तूचा पृष्ठभाग आधी तापतो. इथे उष्णता वस्तूच्या आतच निर्माण होते आणि पृष्ठभागावरून बाहेर निसटते, त्यामुळे गाभा जास्त तापतो. म्हणजे दोष कुठे राहील, याचे जुने ठोकताळे नव्या पद्धतीत उलटे होऊ शकतात.

ऊर्जेच्या बचतीकडेही डोळसपणे पाहायला हवे. सिरॅमिक उद्योग इंधनावर जगतो. गुजरातमधील मोरबीच्या टाइल कारखान्यांचे गणित गॅसच्या दरावर किती हलते, हे अलीकडच्या वर्षांत दिसले आहे. पण फ्लॅशच्या आधी भट्टी शेकडो अंशांपर्यंत तापवावीच लागते. सेकंद वाचतात ते शेवटच्या टप्प्यातले. पूर्ण साखळीत किती ऊर्जा वाचते, याचा हिशेब वस्तूनुसार बदलतो.

दंतचिकित्सालयांतील वेगवान भट्ट्या फ्लॅश पद्धतीने चालत नाहीत, हेही इथेच सांगायला हवे. त्या इंडक्शनने किंवा जास्त ताकदीच्या तापकांनी झपाट्याने तापतात. कॅपमधून वीज जात नाही. तरी दोहोंना एकच प्रश्न लागू होतो. भाजण्याचा क्रम बदलला आहे, मग आतल्या पदार्थाचे काय?

झिर्कोनियाचा गुण, तोच दोष

सिरॅमिक कडक असते, पण ठिसूळ. बारीक तडा गेला की तो आरपार धावतो. झिर्कोनिया याला अपवाद ठरला, म्हणून तो दातांच्या आणि हाडांच्या डॉक्टरांना आवडला. त्याचे स्फटिक तीन रूपांत असतात. साध्या तापमानाला एक रूप, सुमारे ११७० अंशांच्या वर दुसरे, त्याहून वर तिसरे. यिट्रिया थोड्या प्रमाणात मिसळले तर मधले रूप थंड झाल्यावरही टिकून राहते, पण ते ताणलेल्या धनुष्यासारखे असते. कुठे तडा जाऊ लागला की त्याच्या टोकाजवळचे कण पहिल्या रूपात उलटतात. उलटताना ते तीन ते पाच टक्के फुगतात आणि तड्याचे तोंड दाबून टाकतात. १९७५ साली ऑस्ट्रेलियातील गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को यांनी हा गुण मांडला, तेव्हा या पदार्थाला ‘सिरॅमिक पोलाद’ म्हणावे का, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता.

पण जे कण तडा आल्यावर उलटतात, ते पाण्याच्या सान्निध्यात तडा नसतानाही हळूहळू उलटू शकतात. पृष्ठभागावरचा एक कण उलटतो, फुगतो, शेजारच्याला ढकलतो. बारीक भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जाते आणि पुढचे कण उलटतात. झिर्कोनियाचे हे म्हातारपण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच लक्षात आले होते. ते किती लवकर येणार हे यिट्रियाचे प्रमाण, कणांचा आकार आणि घनता यांवर ठरते. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी भट्टीत ठरतात. आणि मानवी शरीर म्हणजे सदोदित ओले, सदतीस अंशांचे वातावरण.

२००१चा धडा

खुब्याच्या कृत्रिम सांध्यात मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्यावर एक गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. १९८०च्या दशकापासून हा गोळा झिर्कोनियाचाही बनू लागला. जगभरात लाखो रुग्णांमध्ये असे गोळे बसवले गेले आणि ते फुटण्याचे प्रमाण अत्यल्प होते. फ्रान्समधील सँ-गोबँ देमार्केस्त ही कंपनी ‘प्रोझीर’ नावाने ते बनवणाऱ्यांत आघाडीवर होती.

१९९८ साली कंपनीने भट्टी बदलली. आधी गोळे एका खेपेला एका भट्टीत भाजले जात. त्याऐवजी बोगद्यासारखी लांब भट्टी आली, ज्यात गोळे एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने सलग बाहेर पडतात. उत्पादनाच्या दृष्टीने हा सरळ, समजण्यासारखा बदल होता. पूड तीच, आकार तोच, नाव तेच. काही काळाने शस्त्रक्रियागृहांतून गोळे फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या. बहुतेक गोळे बसवल्यानंतर साधारण एक-दोन वर्षांत फुटले होते. २००१ मध्ये कंपनीने नव्या भट्टीतून निघालेला माल परत बोलावला. अल्पावधीत फुटलेल्या गोळ्यांची संख्या सुमारे ४०० सांगितली जाते. गोळ्याच्या आतल्या भागात घनता अपुरी राहिली होती आणि ठरावीक बॅचमध्ये म्हातारपण वेगाने आले होते, असे नंतरच्या तपासणीत पुढे आले.

चारशे हा आकडा लाखोंच्या तुलनेत छोटा वाटतो. त्यातल्या प्रत्येकामागे एक दुसरी शस्त्रक्रिया आहे. सिरॅमिकचा गोळा फुटतो तेव्हा त्याचे बारीक तुकडे सांध्याभोवतीच्या मऊ भागात रुततात. सगळे तुकडे वेचून काढणे जवळपास अशक्य असते आणि उरलेले कण नव्या सांध्यालाही घासत राहतात. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड, आणि रुग्ण तोवर वयाने वाढलेला.

या घटनेनंतर शुद्ध झिर्कोनियाचे गोळे हाडांच्या शस्त्रक्रियांतून जवळपास नाहीसे झाले. आज वापरात असलेल्या सिरॅमिकच्या गोळ्यांत बहुतांश अ‍ॅल्युमिना आणि त्यात थोडा झिर्कोनिया असतो, आणि त्यांचा अनुभव चांगला आहे. त्यामुळे सिरॅमिकचा सांधा बसवलेल्यांनी ही हकीगत वाचून घाबरण्याचे कारण नाही. दुसरा परिणाम मानकांवर झाला. शस्त्रक्रियेत वापरायच्या झिर्कोनियासाठी असलेल्या आयएसओ १३३५६ या मानकात २००८च्या आवृत्तीत सक्तीची म्हातारपणाची चाचणी आली. नमुना ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांच्या वाफेत पाच तास ठेवायचा आणि त्यानंतर किती कण उलटले, ताकद किती उरली हे मोजायचे. या तापमानाचा एक तास शरीरातील तीन-चार वर्षांच्या बरोबरीचा, असा संशोधकांचा ढोबळ अंदाज आहे. रुग्णालयात अवजारे निर्जंतुक करण्यासाठी वापरतात तेच हे तापमान. चाचणी साधी आहे; ती नियमात यायला मात्र चारशे खुबे फुटावे लागले.

भट्टी दवाखान्यात आली

भारतात २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. उत्पादनाची प्रक्रिया, यंत्रसामग्री किंवा चाचणी यांत गुणवत्तेवर परिणाम करणारा बदल करायचा असेल, तर तो मोठा बदल मानला जातो आणि त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे भट्टी बदलणे ही कारखान्याची अंतर्गत बाब राहत नाही, हे तत्त्व कागदावर आले आहे. सरकारी खरेदीतही त्याला किंमत मिळायला हवी. सांध्यांच्या निविदेत दराचा रकाना सगळ्यांत आधी वाचला जातो. मागच्या खरेदीनंतर उत्पादनात कोणता बदल झाला, असा एक रकाना त्याच कागदावर असायला खर्च येत नाही.

दातांच्या कॅपची गोष्ट वेगळी आहे. तिथे कंपनी अर्धवट भाजलेला ठोकळा किंवा चकती विकते. सगळ्यांत निर्णायक टप्पा, म्हणजे शेवटचे भाजणे, लॅबमध्ये किंवा दवाखान्यात होतो. शंभर लॅब म्हणजे शंभर भट्ट्या. एखाद्या भट्टीचे तापमान काटेकोर तपासलेले असते, एखादीचे तापक वर्षानुवर्षे वापरून थकलेले असतात आणि पडद्यावर १५०० दिसत असताना आत तितके नसते. कंपनी प्रत्येक ठोकळ्यासोबत भाजण्याचे वेळापत्रक देते. एका कंपनीचा ठोकळा दुसऱ्या ठोकळ्याच्या वेळापत्रकावर, आणि तोही वेगवान पर्याय निवडून भाजला, तर कॅप बाहेरून सुबकच दिसेल.

वेगाने भाजलेल्या कॅपवर आतापर्यंत बरेच प्रयोग झाले आहेत. वेगवान भाजण्यासाठीच बनवलेल्या झिर्कोनियाची ताकद अनेक प्रयोगांत नेहमीच्या पद्धतीच्या जवळपास भरली आहे. काही प्रकारांत कॅपची पारदर्शकता थोडी कमी झालेली आढळते, म्हणजे ती शेजारच्या दाताच्या तुलनेत जराशी मंद दिसू शकते. वेगवान पर्याय बहुधा एका दाताच्या कॅपसाठी किंवा छोट्या ब्रिजसाठी सुचवला जातो. लांब, जाड ब्रिज संथ आचेवरच भाजावा, असे कंपन्याच सांगतात. वेग आणि गुणवत्ता यांचे वैर आहे, असा याचा अर्थ नाही. ठरावीक पदार्थ, ठरावीक आकार आणि तपासलेली भट्टी एकत्र असतील तर अर्ध्या तासात भाजलेली कॅप उत्तम असू शकते. एका पदार्थावर सिद्ध झालेला वेग दुसऱ्या पदार्थाला सरसकट लावणे हे मात्र धोक्याचे आहे.

फ्लॅश सिंटरिंगलाही पुढे हाच रस्ता चालावा लागेल. त्याच्यातून निघणारे बारीक कण कदाचित झिर्कोनियाचे म्हातारपण लांबवतीलही. पण गाभा जास्त तापणे, दोन टोकांतला फरक आणि प्रवाहाची मनमानी यांमुळे घनता सगळीकडे सारखी भरली आहे, हे प्रत्येक वस्तूच्या पोटात शिरून दाखवावे लागेल. २००१ साली दोष पृष्ठभागावर नव्हता, आत होता. पाच सेकंदांत भाजलेल्या गोळ्याला ऑटोक्लेव्हमधले पाच तास द्यावेच लागतील आणि त्यानंतर रुग्णांवरची काही वर्षेही.

रुग्णाच्या हातातले

या सगळ्यात सामान्य माणूस काय करू शकतो? कॅप बसवताना तीन गोष्टी विचारणे सोपे आहे. कॅप कोणत्या पदार्थाची आहे, ठोकळा कोणत्या कंपनीचा आहे आणि ती वेगाने भाजणार असतील तर त्या ठोकळ्यासाठी कंपनीने तसा पर्याय दिला आहे का. चांगल्या दंतवैद्याला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याच्याकडे लॅबची चिठ्ठी किंवा वॉरंटी कार्ड असते. लांब ब्रिज असेल आणि घाईचे कारण नसेल, तर एक फेरी जास्त झाली तरी हरकत नाही.

सांधेरोपणाच्या बाबतीत एक कागद सगळ्यांत मोलाचा असतो. सांध्याच्या प्रत्येक भागासोबत एक स्टिकर येते. त्यावर कंपनीचे नाव, मॉडेल आणि बॅच क्रमांक असतो. ते केसपेपरवर चिकटवले जाते. त्याची एक प्रत किंवा निदान फोटो रुग्णाने मागून घ्यावा आणि डिस्चार्ज कार्डासोबत जपून ठेवावा. २००१ मध्ये धोका ठरावीक बॅचपुरता मर्यादित होता. ज्यांच्या बॅचची नोंद सापडली, त्यांना आपला गोळा त्यात आहे की नाही हे कळू शकले. नोंद नसेल, तर दहा वर्षांनी एखादी बॅच सदोष ठरल्याची सूचना आली तरी ती नेमक्या माणसापर्यंत पोहोचत नाही. सरकारी रुग्णालयांच्या नोंदणी विभागात जुने केसपेपर किती वर्षे टिकतात, हे लक्षात घेता घरातल्या फाइलमधला तो छोटा कागद जास्त भरवशाचा.